आधी पाय दाखवा

भिंगरीचं खरं नाव आता फक्त ऑफिसच्या ओळखपत्रावर उरलं होतं. लहानपणापासून ती इतकी भरभर चालायची, की आईनं एकदा वैतागून "हिच्या पायाला भिंगरी लागलीये" असं म्हटलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. माहेरी भिंगरी, कॉलेजात भिंगरी, आणि नवऱ्यानं तर लग्नाच्या आधीच ते नाव उचललं. ऑफिसातले साहेब तिला "घाईत आहात का?" असं विचारायचे आणि तिनं नाही म्हटलं तरी घाईघाईनं बोलणं आटपायचे. सगळ्या गोतावळ्यात तिला भिंगरी न म्हणणारा माणूस एकच, तिचे सासरे. ते तिला सूनबाई म्हणत. का, ते तिनं कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी उत्तर मिळालं असतं याची खात्री नाही, कारण सासऱ्यांच्या तोंडात दिवसभर एकदोन खिळे असत आणि बोलायचं तर ते काढावे लागत. तेवढा उपद्व्याप करण्याच्या लायकीचं बोलणं जगात फार कमी आहे, असं त्यांचं ठाम मत होतं.

सासरे बूट करायचे. दुकानात रांगेनं मांडलेले बूट ज्यांना कधीच होत नाहीत, अशांचे बूट. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची दोन बोटं अपघातात गेलेली. घराच्या तळमजल्यावर त्यांची कार्यशाळा होती आणि तिथला कातड्याचा, सरसाचा वास जिना चढून वरपर्यंत येई. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर साडेचारशे जोड लाकडी पाय. म्हणजे साचे. ज्याचा पाय त्याचा साचा, टाचेवर नंबर, आणि त्या नंबराचं एक कार्ड खोक्यात. कार्डावर सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, बारीक अक्षरात त्या पायाची सगळी कुंडली.

दुकानाचा नियम एकच. दारातून कुणीही येवो, नमस्कार नाही, या-बसा नाही. "आधी पाय दाखवा." माणूस बिचारा गोंधळून बूट काढी, खाकी कागदावर पाय ठेवी, बाबा गुडघ्यावर बसून पेन्सिलीनं पायाभोवती रेघ ओढत, आणि मगच बोलणं सुरू होई. "बूट घातलेला माणूस आपल्या पायाबद्दल खोटं बोलतो," असं ते म्हणायचे. नवीन माणूस जरा बिचकायचा, पण मग हाच किस्सा चार लोकांना हसत हसत सांगायचा, आणि त्यातले दोघे दार शोधत यायचे.

बाबांच्या सत्तरीला त्यांच्या लेकानं, म्हणजे भिंगरीच्या नवऱ्यानं, त्यांना वेबसाइट भेट दिली. आधीची होती, पण ती कुणा शेजाऱ्यानं कधीकाळी करून दिलेलं एकच पान, हिरव्यावर पिवळी अक्षरं, बघितली की डोळे चोळावे लागत. नवरा व्हिडिओ गेमची चित्रं काढणारा. त्यानं जीव ओतला. पान उघडलं की खाकी कागद, त्यावर पेन्सिलीनं काढलेली दोन पावलं आणि खाली तीन शब्द: आधी पाय दाखवा. डाव्या किंवा उजव्या पावलावर बोट ठेवलं की कागद बाजूला सरकायचा, फळ्या यायच्या, साचे गोल फिरायचे, आणि साच्याला हात लावला की त्याचं कार्ड समोर. ज्यांनी फोनवर "टाका की, आमचं काय जातंय" म्हटलं, अशा तीनशे चाळीस जणांची कार्डं नावं वगळून त्यात घातली होती.

वाढदिवसाला सगळ्यांनी आपापल्या फोनवर पाय दाखवले. बाबांनी डावा दाखवला, बराच वेळ बघत राहिले, मग तोंडातला खिळा काढून म्हणाले, "हे तर माझंच दुकान आहे की." नवऱ्याला ते वाक्य महिनाभर पुरलं. भिंगरीच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

हे झालं तीन महिन्यांपूर्वी. आणि सोमवारी जेवताना बाबांनी सांगितलं, "शनिवारी दहा वाजता एक माणूस येतोय. साचे घेऊन जाईल."

"कुठले साचे?" नवऱ्यानं विचारलं.

"सगळे. घरं सजवतो तो. भिंतीवर टांगणार आहे, मागून दिवे लावून. लोकांना आवडतं म्हणे."

दोघांचे हात ताटातच थांबले. बाबा मात्र शांतपणे जेवत होते. दोन महिने फोन वाजला नव्हता. नवीन माणूस नाही, चौकशी नाही. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून म्हातारी होऊन घरात बसली होती. "आता कारखान्यात सगळ्या प्रकारचे बूट मिळत असतील," ते म्हणाले. "लोकांना गरज उरली नाही. त्यात रडण्यासारखं काय आहे? चाळीस वर्षं झाली, भरपूर झाली." रडण्यासारखं काही नव्हतं तर ते बोलताना त्यांनी पाण्याचा पेला दोनदा उचलून न पिता खाली का ठेवला? भिंगरीनं ते बरोबर पाहिलं.

आता भिंगरीचं काम सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. सर्च इंजिनचे क्रॉलर म्हणून प्रोग्राम असतात. ते जगभरच्या वेबसाइटवर फिरतात, पानं वाचतात, आणि त्यांनी जे वाचलं असेल तेच लोकांना शोधल्यावर सापडतं. पूर्वी पानं तयार यायची, वाचायला सोपी. हल्ली पान येतं ते कोरं, आणि मग तुमच्यासमोर भराभर स्वतःला भरून घेतं. माणसाला फरक कळत नाही. क्रॉलरला कळतो. भिंगरी अशी पानं क्रॉलरच्या डोळ्यांनी बघायची: कोरं असताना काय दिसतं, भरल्यावर काय दिसतं, आणि त्यातलं खरोखर त्याच्या हाती काय लागतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बाबांनी तिला कामाबद्दल विचारलं होतं, तेव्हा तिनं सांगितलं होतं, "पाहुणा समजा, बाबा. फार भिडस्त पाहुणा. पानात वाढलंय तेवढंच खातो. स्वतःहून झाकण उघडून बघणार नाही, आणखी आहे का म्हणून विचारणार नाही. निमूट उठतो आणि बाहेर जाऊन सांगतो, या घरात एवढंच होतं." बाबांना हे इतकं पटलं, की तेव्हापासून ते रोज संध्याकाळी विचारायचे, "काय सूनबाई, आज पाहुणा जेवला का?"

जगाच्या पाहुण्यांची काळजी वाहणाऱ्या या बाईनं घरची वेबसाइट मात्र कधी तपासली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. खरं सांगायचं तर तिला तपासायची नव्हती. नवऱ्यानं इतक्या प्रेमानं केलेल्या गोष्टीत खोट काढायला कुणाचं मन होतं? आणि सोमवारी रात्रीचं जेवण आटपल्यावर तिनं फोनवर उघडून बघितलीही. फळ्या आल्या, साचे फिरले, सगळं व्यवस्थित.

बुधवारी ऑफिसात दुपारी काम जरा सैल होतं. तपासायच्या चौकटीत तिनं बाबांचा पत्ता टाकला आणि पाहुण्याला आत पाठवलं.

कोरं पान: आधी पाय दाखवा. भरलेलं पान: आधी पाय दाखवा. तिनं दुसरं पान तपासलं, तिसरं, दहावं. तीनशे चाळीस पानं, प्रत्येकाचा पत्ता वेगळा, आणि प्रत्येकावर तेच तीन शब्द. पाहुणा दारात उभा राहिला होता, दोन पावलांचं चित्र बघितलं होतं, आणि निघून गेला होता. तो बटण दाबत नाही. आणि दाबायचं म्हटलं तरी कुठला पाय दाखवणार? त्याला पायच नाहीत. सगळी पानं सारखीच दिसतात म्हणून सर्च इंजिननं त्यातलं एक ठेवून बाकीची सोडून दिली होती. ते एक गेल्या दोन महिन्यांत कुणाकुणाच्या फोनवर झळकलं होतं. चांगले बूट शोधणाऱ्या, पाय दुखून हैराण झालेल्या लोकांना उत्तर मिळत होतं, आधी पाय दाखवा. बाकी काही नाही. रस्त्यात अनोळखी माणूस असं म्हणाला तर कुणीही धूमच ठोकेल.

भिंगरी मोठ्यानं हसली. शेजारच्या टेबलावरच्यानं मान वर केली. मग तिला पाण्याचा पेला आठवला आणि हसू गेलं.

घरात कुणालाच हे का दिसलं नाही, तेही तिला लगेच कळलं. एकदा आलेल्या गिऱ्हाइकाला बाबा पुन्हा पाय दाखवायला सांगत नाहीत. लेकानं तेही तंतोतंत उतरवलं होतं: एकदा पाय दाखवला की वेबसाइट तो लक्षात ठेवायची आणि पुढच्या वेळी दार सताड उघडं. वाढदिवसाला सगळ्या घरानं पाय दाखवले होते. तेव्हापासून घरच्यांना बंद दार कधी दिसलंच नाही. पाहुण्याला मात्र आठवण नसते. तो दर खेपेला नव्यानंच येतो.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला जिन्यातच गाठलं. आधी जरा फिरवून फिरवून सांगत होती, तांत्रिक भाग आहे, होतं असं कधीकधी. त्यानं ऐकून घेतलं आणि पायरीवर बसला.

"म्हणजे बाबांचा फोन मी बंद पाडला."

"तू नाही. बटणानं."

"बटण कुणी लावलं?" तो म्हणाला. "हिरव्यापिवळ्या पानावर निदान पत्ता तरी होता गं."

ती त्याच्या शेजारी बसली. त्याचा चेहरा बघून तिला त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की कामाचं बोलणंच सुचेना. मग म्हणाली, "ऊठ. दोन दिवस आहेत."

करायचं होतं ते फार अवघड नव्हतं. चित्रं राहू द्यायची, पावलं राहू द्यायची, पण कार्डावरची अक्षरं पानासोबत पहिल्यापासून पाठवायची. पाय दाखवला तर साचे फिरतील, नाही दाखवला तरी वाचता येईल. बुधवारी आणि गुरुवारी ऑफिसातून आल्यावर दोघं त्याच कामाला जुंपली. तो पानं बदलायचा, ती पाहुण्याला पाठवून बघायची. पाहुण्याच्या नजरेत चित्र नसतं, रंग नसतो, नुसती अक्षरं. त्यामुळे भिंगरीनं ती कार्डं पहिल्यांदा खरोखर वाचली. वाढदिवसाला तिनं साचेच गरगर फिरवले होते. तीनशे चाळीस कार्डं कोण वाचत बसतंय?

"क्रमांक ८८. डावा पाय पाऊण इंच आखूड. उंची टाचेत लपवावी. नाचायला जातो, घरी सांगत नाही." "क्रमांक १४०. टाचेला जुनी जखम. पायाला हात लावण्याआधी सांगावं." ती एकेक पान तपासत, वाचत, पुढे जात होती. क्रमांक ३१७ वर ती थांबली.

"क्रमांक ३१७. स्त्री, वय सव्वीस. उजवा पाय डाव्याहून अर्ध्या बोटानं लांब. आजवर दोन्ही पायांना एकच माप घालत आली. एक जोडा चावतो, दुसरा निसटतो, म्हणून पावलं लहान आणि भरभर टाकते. लोकांना वाटतं घाईत आहे. घाईत नसते. माप दारातल्या जुन्या जोड्यांवरून घेतलं. तिला सांगू नये, लाजेल. जोडे मात्र तसेच करावेत, दर दोन वर्षांनी." आणि खाली दुसऱ्या शाईत: "चार वर्षांनंतर. अजून भरभर चालते. आता पायामुळे नाही, सवयीनं. चालू दे."

दर दोन वर्षांनी, काही निमित्त नसताना, बाबा तिच्या खोलीच्या दाराशी एक जोड ठेवून जात. जगात न चावणारे जोडे तेवढेच, हे तिला ठाऊक होतं. बाबांचा हातच तसा आहे, असं ती समजत होती. तिनं खाली वाकून आपले दोन पाय जवळजवळ ठेवून बघितले. चौतीस वर्षं स्वतःचेच पाय, आणि आज कळतंय.

"हे तू टाइप केलं होतंस?" तिनं नवऱ्याला विचारलं.

तो कावराबावरा झाला. "हो. पण त्यातच लिहिलंय ना, सांगू नये."

तिनं त्याला एक चापट मारली आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं तळमजल्यावर गेली. बाबा एकेक साचा फडक्यानं पुसून फळीवर परत ठेवत होते. देऊन टाकायच्या वस्तूची इतकी निगा कुणी राखतं का? भिंगरीनं त्यांच्यापुढे एक छापलेला कागद ठेवला. मधोमध तीन शब्द.

"हे काय?"

"पाहुण्यानं आपल्याकडे तीन महिने एवढंच खाल्लं, बाबा." आणि तिनं सगळं सांगितलं. लोक शोधत होते. लोकांना बंद दार दिसत होतं.

"चूक माझी आहे," दाराशी उभा असलेला लेक म्हणाला.

बाबांनी तोंडातला खिळा काढला. "तू दुकान जसं आहे तसं काढलंस. चूक असेल तर दुकानदाराची." कागद त्यांनी पुन्हा वाचला. "च्यायला, खरंच. मी असाच बोलतो की." त्यांना हसू आलं, मग ते गंभीर झाले. "पण तुमचा पाहुणा उद्या येतो का परत?"

भिंगरीला खोटं बोलायचं नव्हतं. "सांगता येत नाही. दोन आठवडे, तीन आठवडे. आणि आला तरी फोन वाजेलच असंही नाही."

"फोन आधीही कमीच झाले होते, सूनबाई. आणि त्या माणसाला मी शब्द दिलाय."

मग तिनं दुसरा कागद पुढे केला. बाबांनी चष्मा वर सरकवला, आकडा वाचला, आणि त्यांचे कान लाल झाले.

"हे तू वाचायचं नव्हतंस."

"मग साऱ्या जगाला वाचायला का दिलंत?"

"परक्यांना सगळ्यांना विचारलं. घरच्यांना काय विचारायचं!"

"बाबा," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी माझे जोडे कोण करणार?"

बाबांनी खिळा परत तोंडात ठेवला आणि फडकं उचललं. दोघं वर आली.

शनिवारी दहाच्या ठोक्याला माणूस हजर. गाडीत रिकामी खोकी. माणूस भला होता, दारातून आत बघूनच हरखला. "वा! हे भिंतीवर काय दिसेल!" भिंगरी आणि तिचा नवरा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. बाबांनी पहिली फळी रिकामी केली, साचे टेबलावर मांडले. दुसरी केली. तिसऱ्या फळीच्या टोकाशी एक लहानखुरा जोड होता, त्यातला एक किंचित लांब. तो उचलला आणि हातात धरून बसले.

"बाबा?" माणसानं विचारलं. "हे पण खोक्यात ना?"

बाबांनी खिळा काढला. "माफ करा हो. तुमची फेरी फुकट गेली. मला वाटलं होतं, सगळी गिऱ्हाइकं संपली. एक बाकी आहे."

"एकासाठी साडेचारशे ठेवणार?"

"लाकूड आहे, खातपीत नाही," बाबा म्हणाले आणि टेबलावरचे साचे परत फळीवर लावू लागले. माणूस हिरमुसला, पण जाताना दारात घुटमळून म्हणाला, माझी डावी टाच जरा दुखते हो. बाबांनी त्याच्या पायांकडे नुसतं बघितलं आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

त्यानंतर भिंगरी रोज ऑफिसात जाऊन आधी घरच्या वेबसाइटवर कोण येऊन गेलं, ती नोंद बघायची. सहाव्या दिवशी पाहुणा येऊन गेला. दोनच पानं वाचली. बाराव्या दिवशी आला आणि पोटभर जेवून गेला. बाबांना तिनं सांगितलं, तेव्हा ते "बरं" एवढंच म्हणाले, पण त्या दिवशी फोनवरची धूळ पुसलेली दिसली.

एकोणिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, भिंगरी खाली चहा घेऊन गेली असताना फोन वाजला. दोघंही त्याच्याकडे बघतच राहिली. तिसऱ्या घंटीला बाबांनी खिळा काढला आणि फोन उचलला. पलीकडे एक बाई होती, आवाज मोठा, भिंगरीला सगळं ऐकू येत होतं.

"तुमच्याकडे तीनशे सतरा नंबरचं कार्ड आहे ना? अहो, ती माझी मुलगीच आहे! नऊ वर्षांची. सारखी भरभर चालते. आम्ही रोज ओरडतो, कसली घाई आहे गं तुला म्हणून. मी आपलं सहज शोधत होते, मुलं घाईत का चालतात, आणि तुमचं हे..." बाईचा आवाज एकदम हळू झाला. "ती खरंच घाईत नसते का हो?"

बाबांनी भिंगरीकडे बघितलं. ती चहाचा कप हातात धरून उभी होती, आपल्या न चावणाऱ्या जोड्यांत, आणि तिला कुठेही जायचं नव्हतं.

"नसते," ते म्हणाले. "माझ्या घरातही एक आहे. ओरडू नका तिला."

"मग येऊ का घेऊन? तुमच्या पानावर लिहिलंय, आधी पाय दाखवा. काही मापं वगैरे पाठवायची का आधी?"

"छे, छे," बाबा म्हणाले. "ते राहू द्या. आधी या, बसा. पाय मग बघू."